महिन्याला फक्त! फोनचा करार, फोनचा हप्ता आणि हरवलेली रोख किंमत

(पॉडकास्टच्या भागाचा लिखित मजकूर. बोलताना जे वाक्य अर्धवट राहिलं ते इथे पूर्ण केलं आहे, आकडे पुन्हा तपासून घातले आहेत. बाकी जसं बोलले तसंच.)



आजच्या भागाची सुरुवात एका मेलपासून झाली. आपला एक श्रोता इंग्लंडमध्ये लीड्सला शिकायला गेलाय. त्याचा जुना फोन पाण्यात पडला. तिथल्या दुकानात त्याला दोन रस्ते दाखवले. पहिला: आज एकही पौंड देऊ नका, महिन्याला ३८ पौंड भरा, २४ महिने, फोनही त्यात आणि कॉल-डेटाही त्यात. दुसरा: फोन ६०० पौंडांना विकत घ्या आणि महिन्याला १० पौंडांचं नुसतं सिम घ्या. त्याने विचारलंय, "ताई, तुम्ही इतिहासाचा कार्यक्रम करता हे माहीत आहे, पण यातलं स्वस्त काय, ते सांगाल का?"

स्वस्त काय, याचं उत्तर द्यायला दोन मिनिटं पुरतात. ३८ गुणिले २४, म्हणजे ९१२ पौंड. ६०० अधिक २४०, म्हणजे ८४० पौंड. फरक ७२ पौंडांचा. झालं, भाग संपला!

पण मला वेगळाच प्रश्न पडला. चांगला शिकलेला मुलगा, गणित येतं, मग त्याला हा हिशोब स्वतः का करावासा वाटला नाही? दुकानात उभं राहिल्यावर आपल्या डोक्यातली गुणाकाराची जागा कुठे जाते? हा प्रश्न मला जवळचा आहे, कारण माझ्या बाबांच्या बाबतीत हेच झालं होतं. त्यांची गोष्ट आधी सांगते, मग इतिहासात जाऊ.

बाबांचा फोन

माझे बाबा एसटीत कंडक्टर होते. आयुष्यभर रोज रात्री वेबिल जुळवलेला माणूस. कुठल्या स्टेजला किती उतरले, किती चढले, कुठल्या दराचं तिकीट कितीदा फाडलं, सगळं तोंडपाठ. आठवडी बाजारात भाजीवालीच्या आधी त्यांचा हिशोब तयार असायचा.

२०१८ मध्ये त्यांनी पहिला मोठा फोन घेतला. दुकानाच्या काचेवर फलक होता: शून्य टक्के व्याज, महिन्याला फक्त २,००० रुपये. बारा हप्ते. वर प्रोसेसिंग फी ५०० आणि त्यावर जीएसटी ९०. "काका, इथे सही करा, आणि इथे, आणि इथे." बाबांनी सह्या केल्या आणि खुशीत घरी आले. मी विचारलं, "बाबा, व्याज किती?" तर म्हणाले, "अगं, शून्य टक्के आहे. लिहिलंय तसं."

पंधरा दिवसांनी शेजारच्या मुलाने त्याच दुकानातून तोच फोन आणला. रोखीने. २२,५०० रुपयांना.

बाबांनी जुन्या वहीचं कोरं पान काढलं. बारा हप्ते, २४,०००. फी आणि कर, ५९०. एकूण २४,५९०. रोख भावापेक्षा २,०९० रुपये जास्त. त्यात पुढे एका महिन्यात खात्यात चारशे रुपये कमी पडले आणि हप्ता बाऊन्स झाला, तेव्हा बँकेने वेगळा आणि फायनान्स कंपनीने वेगळा दंड लावला.

दोन हजारांनी आमचं घर बुडणार नव्हतं. बाबांना लागलं ते वेगळंच. ते म्हणाले, "आयुष्यभर लोकांना सुटे मोजून दिले, आणि मला बेरीज करायचं सुचलं नाही." कितीतरी दिवस त्यांनी तो फोन कुणाला कौतुकाने दाखवला नाही.

आता त्या 'शून्य टक्क्या'चा खरा दर काय होता? २,०९० भागिले २२,५०० केलं तर साधारण नऊ टक्के येतात. पण तेही खरं उत्तर नाही. कारण २२,५०० रुपये वर्षभर बाबांकडे नव्हतेच. दर महिन्याला मुद्दल फिटत होतं. सहा महिन्यांनी अर्ध्याच्या आसपास उरलं होतं. घटत्या शिलकीवर हिशोब केला तर दर निघतो वर्षाला सतराच्या आसपास. शून्य, नऊ आणि सतरा, तिन्ही आकडे एकाच व्यवहाराचे!

हे कसं लपतं? रोखीच्या भावात मिळणारी सूट हप्तेवाल्याला मिळत नाही, बस. छापील किमतीचे बारा समान तुकडे केले की व्याज दिसतच नाही. म्हणजे लपलेली गोष्ट व्याज नाही, लपलेली गोष्ट आहे रोख किंमत. हा शब्द आज लक्षात ठेवा. पुढचा सगळा इतिहास त्याच्याच शोधात जाणार आहे.

भाड्याचा पियानो

हप्त्याची आधुनिक गोष्ट सांगताना बहुतेक जण शिलाई मशीनपासून सुरुवात करतात, आणि ते बरोबरच आहे. १८५६ मध्ये अमेरिकेत सिंगर कंपनीत एडवर्ड क्लार्क हे भागीदार होते. मशीन सामान्य कुटुंबाला परवडण्यापलीकडचं. क्लार्क यांनी युक्ती काढली: थोडे पैसे आधी द्या, मशीन घरी न्या, महिन्याला भाडं भरा, आणि ते भाडं किमतीत जमा धरू. पैसे फिटले की मशीन तुमचं. या पद्धतीने मशीन घराघरात गेलं. कितीतरी बायकांनी त्याच मशीनवर शिवून त्याच मशीनचे हप्ते फेडले असतील. हे मुद्दाम सांगते, कारण आजच्या भागात मी हप्त्याला खलनायक करणार नाहीये. ज्याच्या हातात एकरकमी पैसे नाहीत, त्याला हप्त्याने वस्तू वापरायला मिळते, आणि कधीकधी त्या वस्तूवर पोटही भरता येतं.

पण भाडं की विक्री, हा घोळ तिथेच सुरू झाला. वस्तू घरात आहे, पैसे भरतोय, मग ती माझी की दुकानदाराची?

याचा निकाल लागला १८९५ मध्ये, ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये. खटला होता हेल्बी विरुद्ध मॅथ्यूज, आणि वस्तू होती एक पियानो. एका गिऱ्हाइकाने हेल्बी यांच्याकडून पियानो घेतला. महिना भाडं साडेदहा शिलिंग, असे ३६ महिने भरले की पियानो गिऱ्हाइकाचा. मधेच परत करायचा तरी मुभा. ३६ महिन्यांचे होतात १८ पौंड १८ शिलिंग. गिऱ्हाइकाने काय केलं, तर थोडे हप्ते भरले आणि पियानो मॅथ्यूज नावाच्या सावकाराकडे गहाण टाकला! हेल्बी म्हणाले, पियानो माझा. मॅथ्यूज म्हणाले, मी रीतसर गहाण घेतलाय. लॉर्ड्सनी निकाल दिला हेल्बींच्या बाजूने. गिऱ्हाइकाने 'विकत घ्यायचं कबूल केलं' नव्हतं, त्याला फक्त विकत घेण्याची मुभा होती. शेवटचा हप्ता जाईपर्यंत पियानो दुकानदाराचाच.

इंग्रजीतल्या 'हायर पर्चेस'चा कायदेशीर पाया असा घातला गेला. विक्रेत्यांना हे फारच सोयीचं झालं. पुढच्या चाळीस वर्षांत पियानोमागून फर्निचर आलं, रेडिओ आला, आणि त्याबरोबर एक वाईट चालही आली. गिऱ्हाईक बरेचसे हप्ते भरत आलं, की एखादा हप्ता चुकण्याची वाट बघायची आणि माल उचलून न्यायचा. भरलेले पैसे गेले, वस्तूही गेली. तीच वस्तू दुसऱ्याला पुन्हा हप्त्याने.

मजूर पक्षाच्या खासदार एलन विल्किन्सन यांनी हा प्रश्न लावून धरला आणि १९३८ मध्ये ब्रिटनचा हायर पर्चेस कायदा झाला. त्यातल्या दोन गोष्टी आपल्या कामाच्या. एक, किमतीचा तिसरा हिस्सा भरून झाला असेल तर कोर्टात गेल्याशिवाय माल उचलता येणार नाही. दोन, करार करण्यापूर्वी दुकानदाराने गिऱ्हाइकाला वस्तूची रोख किंमत लेखी सांगितलीच पाहिजे.

बघा, सापडली ना रोख किंमत! हप्ता बंद करा, असं कायद्याने म्हटलं नाही. व्याजाचं भाषण दिलं नाही. एवढंच म्हटलं, की दोन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवा. वजाबाकी माणूस स्वतः करील.

सुप्याच्या खतांची होळी

आता तुम्ही म्हणाल, ही सगळी साहेबाच्या देशातली कहाणी. पण हाच प्रश्न आपल्याकडे त्याआधी उभा राहिला होता, फोन-पियानोवरून नाही, शेतीच्या कर्जावरून.

१२ मे १८७५. पुणे जिल्ह्यातलं सुपे. बाजारात जमलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर हल्ला केला. पण त्यांना हवं काय होतं? कर्जखतं आणि हिशोबाच्या वह्या. जिथे सापडल्या तिथे जाळल्या. हे दंगे मग पुणे आणि नगर भागातल्या कितीतरी गावांत पसरले. दख्खनचे दंगे म्हणून आपण शाळेत वाचलेत ते हेच.

खतं जाळायची, कारण खतावर एकच आकडा असायचा. मूळ किती घेतले, व्याज किती चढलं, मधे किती धान्य नि किती रुपये दिले, याचा पत्ता नाही. जुनं खत संपलं की व्याज मुद्दलात घालून नवं खत. अंगठा उठवला की तो आकडा खरा.

मग सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायदा आला. त्या कायद्याने न्यायाधीशाला अधिकार दिला, की खतावरचा आकडा अंतिम मानू नका, खताच्या मागे जा, व्यवहाराचा सगळा इतिहास काढा, मुद्दलाचा आणि व्याजाचा हिशोब वेगवेगळा मांडा. आणि मग जे खरं देणं निघेल त्याचे हप्ते बांधून द्या. म्हणजे आपल्याकडे कायद्यातला हप्ता कर्जदाराच्या सोयीसाठी आला, आणि तोही हिशोब उघडा पाडल्यानंतर!

क्रम लक्षात घ्या. आधी हिशोब सुटा, मग हप्ता. दुकानाच्या काचेवर हा क्रम नेमका उलटा होतो.

फोन आपला नव्हताच

आता फोनकडे येऊ. तरुण श्रोत्यांना हे नवल वाटेल, पण टेलिफोनच्या इतिहासातला बराच काळ फोन विकत मिळतच नव्हता. तो काळा, जडशीळ, चकती फिरवायचा डबा आपल्या दिवाणखान्यात असायचा, त्यावर आई विणलेला रुमाल टाकायची, पण तो मालकीचा खात्याचा. आपण भरायचो अनामत आणि भाडं. नंबर लागायलाच वर्षं जायची.

अमेरिकेतही तसंच. बेल कंपनी फोनयंत्र भाड्याने द्यायची. १९६८ मध्ये कार्टरफोन नावाच्या जोडयंत्रावरून निकाल झाला आणि बाहेरची यंत्रं लाइनला जोडण्याचा रस्ता मोकळा झाला. १९८४ मध्ये ती अवाढव्य कंपनी मोडून तिचे तुकडे झाले. फोन दुकानात विकत मिळू लागला. तरीही कितीतरी लोक, विशेषतः म्हातारी माणसं, जुन्या यंत्राचं भाडं वर्षानुवर्षं भरत राहिली. नवा फोन जेवढ्याला मिळतो त्याच्या कितीतरी पट पैसे त्यांनी भाड्यात भरले. बिलात एक छोटी ओळ असायची, तिच्याकडे कुणाचं लक्ष जायचं नाही. पुढे त्यावर सामूहिक दावा झाला आणि २००२ मध्ये तडजोड झाली.

ही छोटी ओळ विसरू नका, ती पुन्हा भेटणार आहे.

एकशे नव्व्याण्णव डॉलरचा आयफोन

भारतात मोबाइलवरचा पहिला कॉल झाला ३१ जुलै १९९५ ला. कोलकात्याहून मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी दिल्लीत केंद्रीय मंत्री सुखराम यांना केला. त्या काळी मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत दर होता, आणि गंमत म्हणजे आलेल्या कॉलचेही पैसे पडायचे. मोबाइलवाले लोक कॉल कापून पीसीओवर धावायचे, ते उगाच नाही.

मग २८ डिसेंबर २००२ ला रिलायन्स इन्फोकॉमची सेवा जाहीर झाली, आणि २००३ च्या पावसाळ्यात 'मान्सून हंगामा' नावाची योजना आली. आधी फक्त ५०१ रुपये भरा, हँडसेट घरी न्या, बाकीचं महिन्याच्या बिलातून, तीन वर्षांच्या बांधिलकीने. दुकानांसमोर रांगा लागल्या. रिक्षावाले, भाजीवाले, प्लंबर यांच्या हातात पहिल्यांदा फोन आला तो याच लाटेत. सेवेबरोबर हँडसेट बांधून देण्याचा आपल्याकडचा हा सगळ्यात मोठा प्रयोग. पण बिलं थकू लागली, वसुली जड गेली, आणि आपल्या देशात फोनचा करार रुजला नाही.

का रुजला नाही? एक तर करार म्हणजे उधारी, आणि उधारी द्यायला गिऱ्हाइकाची पत माहीत लागते. त्या काळी बहुतेक भारतीयांची पत कुठल्याही दप्तरात नोंदलेली नव्हती. दुसरं, प्रीपेड. तेव्हा दहा रुपयांचं रिचार्ज मारून महिना काढणारा समाज होता आपला. तिसरं, सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालण्याची सोय, आणि पुढे दोन सिमचे फोन. कंपनीने हँडसेट स्वस्तात द्यायचा आणि गिऱ्हाइकाने दुसऱ्याच कंपनीचं सिम घालायचं, हे कोण सहन करील?

याचा एक चांगला परिणाम झाला. भारतात फोनची किंमत वेगळी राहिली आणि सेवेची वेगळी. न मागता मिळालेला हा सुटा हिशोब होता.

पण तेव्हा आपल्याला तो शाप वाटला. ऑगस्ट २००८ मध्ये आयफोन थ्री-जी भारतात आला, ८ जीबीचा, ३१,००० रुपयांना. लोक खवळले! अमेरिकेत १९९ डॉलर, म्हणजे तेव्हाच्या भावाने साडेआठ हजारांच्या आसपास, आणि आपल्याला तिपटीहून जास्त? ही काय लूट आहे?

आता बाबांच्या वहीचं पान काढू. अमेरिकेत तो १९९ डॉलरचा फोन दोन वर्षांच्या करारावर होता, आणि कराराची सुरुवातच महिन्याला ७० डॉलरपासून. ७० गुणिले २४, म्हणजे १,६८०. त्यात १९९ मिळवा. जवळपास १,८८० डॉलर, कर वेगळे. त्यातले फोनचे किती आणि सेवेचे किती? बिलावर लिहिलेलंच नव्हतं. १९९ ही फोनची किंमत नव्हती, ती दारातून आत शिरायची फी होती. आपल्याकडे ३१,००० रुपयांत फोन महाग होता हे खरंच. पण तो महाग आहे, हे आपल्याला दिसत तरी होतं.

गाठोडं सुटलं, त्या वर्षाची गोष्ट

२०१३ साल या कथेत महत्त्वाचं. मार्चमध्ये अमेरिकेत टी-मोबाइल कंपनीने दोन वर्षांचे करार बंद करत असल्याचं जाहीर केलं. आयफोन फाइव्ह त्यांनी असा विकला: आधी १०० डॉलर, मग महिन्याला २० डॉलर, २४ महिने. एकूण ५८० डॉलर. सेवेचं बिल वेगळ्या ओळीत. एप्रिलमध्ये ब्रिटनमध्ये ओटू कंपनीने तसंच केलं, फोनचा करार वेगळा, सेवेचा वेगळा. दोनेक वर्षांत अमेरिकेतल्या बाकीच्या मोठ्या कंपन्याही त्याच वाटेने गेल्या.

नुसती ओळ वेगळी करून काय मोठं झालं? हे झालं: २४ महिने संपले की वीस डॉलरची ओळ गळून पडते. एकत्र करारात ती गळत नाही. फोन फिटलेला असतो आणि तुम्ही तेवढेच पैसे भरत राहता. ब्रिटनमध्ये सिटिझन्स अॅडव्हाइस या संस्थेने २०१७ मध्ये हेच दाखवून दिलं. करार संपल्यावरही तीन मोठ्या कंपन्यांचे ग्राहक फिटलेल्या फोनपोटी महिन्याला सरासरी २२ पौंड जास्त भरत होते. भेटली ना पुन्हा ती बेल कंपनीच्या बिलातली छोटी ओळ? फरक इतकाच, की त्या म्हाताऱ्या माणसांच्या बिलात निदान ती छापलेली होती.

फेब्रुवारी २०२० पासून ब्रिटनच्या ऑफकॉम या नियामकाने कंपन्यांवर बंधन घातलं, की करार संपत आल्यावर ग्राहकाला कळवा. त्यानंतर आणखी एक खोच निघाली: करार चालू असतानाच महागाईच्या दराने बिल वाढवायचं. जानेवारी २०२५ पासूनच्या नव्या करारांत तसं करता येत नाही. वाढवायचं असेल तर किती आणि कधी, हे पौंड-पेन्समध्ये आधीच सांगावं लागतं. १९३८ चा कायदा पुन्हा नव्याने लिहिल्यासारखंच झालं की!

आणि आपण गाठोडं बांधायला लागलो

गंमत बघा, तिकडे गाठोडं सुटत होतं तेव्हा इकडे आपण नवं बांधत होतो. फोन महाग झाले, पगारदार वर्ग वाढला, पत नोंदवली जाऊ लागली, आणि दुकानात ईएमआयचं टेबल आलं.

खरं तर आपल्याकडेही १९७२ मध्ये हायर पर्चेस कायदा संसदेने केला होता. रोख किंमत करारात लिहा, अशी तरतूद त्यातही होती. पण तो कधी नीट अंमलात आलाच नाही, आणि २००५ मध्ये रद्द झाला. तेहतीस वर्षं कायदा कपाटात.

सप्टेंबर २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना स्पष्ट सांगितलं, की शून्य टक्के व्याज असं काही नसतं, सूट आणि व्याज यांचा खेळ करून खरा दर झाकू नका. मग काचेवरची पाटी बदलली. 'झिरो पर्सेंट'च्या जागी 'नो कॉस्ट' आलं. काही दुकानांत जुनी पाटीही तशीच राहिली. आमच्या गावातल्या दुकानात २०१८ मध्ये होती, हे बाबांच्या सह्या सांगतात.

सेवा आणि फोन एकत्र बांधण्याचं अलीकडचं ठळक उदाहरण म्हणजे नोव्हेंबर २०२१ मधला जिओफोन नेक्स्ट. रोख किंमत ६,४९९ रुपये. किंवा आधी १,९९९ आणि प्रोसेसिंगचे ५०१, मग महिन्याला ३०० रुपये, २४ महिने, त्यात थोडा डेटा आणि कॉल धरून. करा बेरीज: २,५०० अधिक ७,२००, म्हणजे ९,७००. रोख किमतीपेक्षा ३,२०१ जास्त, म्हणजे महिन्याला साधारण १३३ रुपये. हे जास्त की रास्त? तेवढ्याच डेटाचं रिचार्ज तुम्ही एरवी कितीला मारला असता, त्यावर ठरेल. इथे रोख किंमत जाहीर होती, म्हणून आपल्याला हा प्रश्न निदान विचारता तरी येतो.

आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून एक चांगली गोष्ट झाली. नव्या किरकोळ कर्जांवर, कर्ज देणाऱ्याने 'मुख्य तथ्य विवरण' द्यायचं आणि त्यात फीसकट खरा वार्षिक दर लिहायचा. हा कागद मागा. तुमचा हक्क आहे तो.

तर मग, लीड्सच्या मित्रा

तुझ्या प्रश्नाकडे परत येते. तुझ्या दोन रस्त्यांत ७२ पौंडांचा फरक आहे. हाताशी ६०० पौंड असतील तर दुसरा रस्ता स्वस्त. नसतील, तर ७२ पौंड ही दोन वर्षांच्या उधारीची किंमत आहे, आणि परक्या गावात फोनशिवाय राहण्यापेक्षा ती देणं शहाणपणाचंही असू शकेल. क्रेडिट कार्डावर ६०० पौंड थकवून ठेवण्यापेक्षा तर बहुधा बरंच.

पण सही करण्याआधी तीन ओळी कागदावर लिही. पहिली: आज रोखीने हा फोन कितीला मिळतो, या दुकानात नाही, कुठेही. दुसरी: एवढ्याच कॉल-डेटाचं नुसतं सिम कितीला. तिसरी: करारात आज द्यायचे, दरमहा द्यायचे, मधे वाढणारे, फी आणि कर, सगळे धरून शेवटपर्यंत किती. तिसऱ्यातून पहिल्या दोन वजा कर. उरेल ते व्याज, त्याला कंपनी काहीही नाव देवो. आणि फोनच्या कॅलेंडरमध्ये चोविसाव्या महिन्याची तारीख घालून ठेव, 'करार संपला' म्हणून. ती छोटी ओळ आपोआप गळणार नाही, तुलाच खुडावी लागेल.

'महिन्याला किती' या प्रश्नाचं उत्तर एवढंच सांगतं, की हे मला झेपेल का. कितीला पडलं, ते सांगत नाही. दोन्ही प्रश्न महत्त्वाचे आहेत. फक्त एकाचं उत्तर ऐकून दुसऱ्याचं मिळालं असं समजायचं नाही.

बाबांचं सांगायचं राहिलं. गेल्या दिवाळीत आईला फोन घ्यायचा होता. आम्ही तिघं दुकानात गेलो. मुलगा बोलायला लागला, "काका, महिन्याला फक्त..." बाबांनी हात वर केला, घंटीची दोरी ओढून गाडी थांबवायचे तसा. म्हणाले, "ते राहू दे रे बाळा. आधी रोख सांग."

मुलाने रोख भाव सांगितला. बाबांनी शर्टाच्या खिशातून कागद काढला, हप्त्यांची बेरीज केली, वजाबाकी केली, आईकडे बघितलं. आणि हप्त्यानेच घेतला फोन! कारण घराचं छप्पर दुरुस्त करायचं होतं आणि एकरकमी पैसे मोडायचे नव्हते. अकराशे रुपये जास्त जाणार होते, ते त्यांना माहीत होते, त्यांनी ते मोजून दिले.

हा फोन मात्र ते सगळ्यांना दाखवतात.

तुमच्या घरात हप्त्याच्या वस्तूची अशी एखादी गोष्ट असेल, शिलाई मशीन असो, रेडिओ असो, स्कूटर असो, जरूर लिहून पाठवा. जुनी पावती, हप्त्यांचं कार्ड सापडलं तर त्याचा फोटो काढून पाठवा, नाव-पत्ता झाकून. पुढच्या भागात भिशीबद्दल बोलायचा विचार आहे, तेव्हा आज्जीला आत्ताच विचारून ठेवा.

भेटू.